सही न करणारी बहीण

४ मार्च

प्रिय मावशी, सा. न. वि. वि.

माझ्या कादंबरीची शेवटची प्रुफं आज टपालात टाकली. चुका तूच काढ. तीस वर्षं परिचारिका म्हणून रुग्णांच्या औषधांचे तक्ते लिहिलेस, तुझ्या नजरेतून काय सुटणार?

गोष्ट तीच, ग्रीक शोकांतिकेतल्या दोघी बहिणींची. राजाची बंदी मोडून मेलेल्या भावाला माती देणारी थोरली, आणि भिऊन घरात बसणारी धाकटी. हल्ली जो तो त्या नाटकांतल्या बायकांना नव्याने बोलतं करतोय, त्यामुळे आमच्या संपादकांना वेगळं काहीतरी हवंय. धाकटीला प्रियकर द्या म्हणतात! घाबरट बाई वाचकांना आवडत नाही म्हणे. मी म्हटलं, न आवडू दे. तीन आठवडे हीच हुज्जत चाललीय, डोकं उठलंय नुसतं.

थोरलीत तुला आई दिसेल. परिचारिकांचा संप तिने चालवला, नोकरी गेली, पण मान वाकवली नाही. ती कुठेतरी उतरायलाच हवी होती.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच असू दे.

तुझी भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

प्रुफं तपासली. चुका एकोणचाळीस. ऱ्हस्व-दीर्घाशी तुझं लहानपणापासूनचं वैर, ते अजून मिटलेलं नाही.

आता दुसरं. शिपाई बहिणीला घेऊन जातात तेव्हा तुझी धाकटी खालचा ओठ चिमटीत धरून खिडकी लावून घेते. ओठ चिमटीत धरायची सवय कोणाची, हे आपल्या नात्यागोत्यात शेंबडं पोरही सांगेल. थोरलीला ताईचा चेहरा दिलास, ठीक. पण माझं सोंग काढण्याआधी एकदा विचारायचंस तरी. दोन दिवस घास गोड लागला नाही.

जास्त लिहीत नाही, भलतंच काही लिहून बसेन.

आशीर्वाद आहेतच, आज जरा रुसलेले आहेत इतकंच.

मावशी

१५ मार्च

प्रिय मावशी, सा. न. वि. वि.

तुला दुखवायचं नव्हतं. पण मी खोटं काय लिहिलं, ते तरी सांग. संपाच्या पत्रावर तू सही केली नाहीस. आईने वॉर्डाच्या दारात, सगळ्यांदेखत तुला भित्री म्हटलं. मी सात वर्षांची होते, तिचं बोट धरून उभी होते. दोन वर्षांनी ती गेली, तू मला वाढवलंस, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. विचारलं की भांडी घासायला उठायचीस. तू गप्प राहणार, मी अंदाजाने लिहिणार, आणि मग रागावणारही तूच!

नऊ दिवसांनी छपाई सुरू होतेय. काय असेल ते आता बोल.

रागव, पण परकी करू नकोस.

भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

बोल म्हणालीस, तर ऐक.

संपाच्या आदल्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली होती. अटक होणार अशी कुणकुण होती. ती म्हणाली, दोघी आत गेलो तर पोरीकडे कोण बघेल? तू सही करू नकोस. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका तिला विचारायला लागल्या, तुझ्या बहिणीला का सूट? तेव्हा तिने मला भित्री म्हटलं. संप टिकवायचा होता, मला कळत होतं. पण नंतर दोन वर्षं होती तिच्या हातात. एकदाही तो शब्द तिने मागे घेतला नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही गं, आणि तुला तुझी आई अख्खी हवी होती.

आज एवढंच.

मावशी

२३ मार्च

प्रिय मावशी, सा. न. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं, सांगत नाही. छपाई थांबवायला लावली आणि धाकटीचं प्रकरण पुन्हा लिहिलं. आता थोरलीच तिला मागे राहायला सांगते, आणि धाकटी सगळं ठाऊक असून निंदा मुकाट सोसते. संपादक इतके खूष झाले की प्रियकराचं नावही काढत नाहीत. हीच खरी नायिका, म्हणतात. ते इतके खूष आहेत म्हणूनच मला धास्ती वाटतेय. पानं सोबत आहेत.

चुकले ते पोटात घाल.

भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पानं वाचली. आधी रडले, मग चिडले. पहिल्यांदा मला भेकड केलंस, आता एकदम देवी! मधे माणूस म्हणून काही असतं की नाही?

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायचं धाडस झालं नाही. ताई सांगायला आली, त्याच्या आधीच मी ठरवलं होतं, सही करायची नाही. पोलीस, कोठडी, मला नुसत्या विचारानेच भीती वाटायची. तिने तुझं नाव पुढे केलं आणि मला हायसं वाटलं. सांगायला कारण मिळालं. तिच्या त्या शब्दावर मी आजवर चिडून आहे, आणि तो शब्द अगदीच खोटा नव्हता.

हे लिहिता येत असेल तर लिही. संपादक ओरडतील, ओरडू देत. मुक्या बाईला बोलतं करायचं आणि तिच्या तोंडी आपल्याला हवं तेच घालायचं, तर ती मुकीच काय वाईट होती?

आणि भित्री ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईला सकाळी सातला कामावर जायचं होतं. संपावरच्या सगळ्या मैत्रिणी दाराशी पाठ फिरवून उभ्या होत्या. तिला त्यांच्यामधून जावं लागलं. ती गेली. तेवढंच लिही, वर मखर नको.

लोभ रागासकट शाबूत आहे.

तुझी मावशी