दुसरं ताट

पुणे, दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
पल्लवीचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

हे फोनवर बोलायचा चारदा प्रयत्न केला. दर वेळी तुरीची, हवेची चौकशी करून ठेवून दिला. शाळेत जायच्या आधी तूच मला पाटीवर अक्षरं शिकवलीस आणि सांगितलंस, की जे तोंडातून निघत नाही ते लिहावं. म्हणून लिहिते.

बाबांनी सांगितलं असेल, माझा पहिला सिनेमा पूर्ण झाला. भुताचा आहे. रविवारी ३० तारखेला वाशीमला दाखवणार आहेत. निर्माते रतनसिंग राठोड, आपल्या वाशीमकडच्या मालेगावचे. त्यांना खरं तर एक जुना, गाजलेला भयपट नव्यानं काढायचा होता. मीच हट्ट केला. दुसऱ्याच्या भुताला नवे कपडे घालणं म्हणजे चोरी, असं मोठं भाषण दिलं. ते हसून म्हणाले, की ठीक, आठ दिवसांत स्वतःची गोष्ट आण.

माझ्याकडे गोष्ट नव्हती, आत्या. तुझी होती. तुझा उत्कर्ष, माझा दादा, तापानं गेल्यावर तू संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून त्याच्यासाठी जर्मनच्या ताटलीत वाढायचीस, थोडा वेळ बसायचीस, मग ते शेळीला घालायचीस. मी सहा वर्षांची होते. कोणाला सांगू नको म्हणालीस. पाटीवर हात ठेवून मी कबूल झाले होते.

ते सगळं सिनेमात आहे. ताटलीसुद्धा. तू नको म्हणालीस तर मी थांबवते.

रागावलीस तरी उत्तर मात्र पाठव.
तुझी,
पल्लवी


रिसोड, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवीले,
आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद. गुडघा तसाच हाये.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पह्यल्यांदा ऱ्हस्व-दीर्घ पाह्यले, दुसऱ्यांदा मजकूर. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर हायेत.

पोरी, तुले दुसरं काही सापडलं नाही काय? एवढं मोठं पुणं, तिथं एकही भूत नव्हतं? विहारात बायाईले मीच सांगतलं, की मेलेल्याच्या नावानं घास ठेवू नका, मेलेलं माणूस जेवाले येत नाही. तुझ्या बापानं, शेषरावनं, तर त्यापायी चुलतभावाच्या घरी जाणं सोडलं. अन् त्याच दिवसांत त्याची सख्खी मोठी बहीण दार लोटून ताट वाढून राह्यली होती. हे आता तो वाशीमले खुर्चीत बसून पाहीन. शेजारी तुझी माय वैजयंती बसीन. तिच्या तोंडाले तर कुलूप नाहीच.

तुले वाटलं आत्या म्हातारी झाली, कोठं सिनेमा पाहाले येते. खरं सांग, हेच वाटलं ना?

रागावली हाये. पण एक इचारतो. सिनेमाच्या शेवटी काय होते, ते तू लिहिलं नाही. लिहून पाठव.

वेळेवर जेवत जाय.
तुझी आत्या,
अंजना


पुणे, दि. १४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

होय, तेच वाटलं होतं. तू येणार नाहीस, बाबांना ओळखू येणार नाही, आणि मी सुटेन. हे लिहिताना लाज वाटते, पण तू खरं विचारलंस.

शेवटी मुलगा येतो. दार आपोआप उघडतं, ओले हात ताटलीत जातात, आई पाहत राहते, आणि तो जेवतो. पुण्यात दाखवला तेव्हा लोक ओरडले. सगळ्यांना तोच प्रसंग आवडला.

मी काल रतनसिंग सरांकडे गेले आणि सिनेमा मागे घ्या म्हणाले. कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, की जुन्याचा नवा करताना आपण निदान मूळ मालकाला विचारतो, त्याचं नाव लिहितो. तुझ्या या नव्या गोष्टीत कोणाला विचारायचं राहिलं आहे का? सिनेमा दाखवायचा की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

जानेवारीपासून तो जुनाच सिनेमा करायला मी हो म्हटलं आहे. तेच मला शोभेल. बाबांनी विहारातल्या सगळ्यांना आमंत्रण दिलंय. त्यांना काय सांगू तेवढं कळव.

क्षमा मागायला तोंड नाही.
तुझी,
पल्लवी


रिसोड, दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवीले,
जयभीम अन् आशीर्वाद.

शेषरावले तू काही सांगू नको. मी सांगतलं. मंगळवारी तो चहाले आला, तवा कप त्याच्या हातात देऊन सांगून टाकलं, म्हणजे उठून जाता येऊ नाही. त्यानं कप खाली ठेवला. मले वाटलं आता भाषण देईन. त्यानं एवढंच इचारलं, की अक्का, तवा मले काहून नाही बोलावलं, मी बसलो असतो तुझ्यापाशी. मंग आमी दोघंही रडलो. चहा तसाच राह्यला.

आता तुझं. जुना सिनेमा कर नाही तर नवा कर, मले त्यातलं समजत नाही. पण तू माझ्याच जिवाचा जुना सिनेमा नव्यानं काढला, अन् त्याचा शेवट बिघडवला. पोरगं जेवाले आलं म्हणते. त्यात भ्याचं काय हाये? आलं असतं तर मी आनंदानं नाचली असती. एक वर्ष अन् चार महिने वाढलं मी. दार हललं नाही. एक शीत इकडचं तिकडं झालं नाही. भेव त्याचं होतं, पोरी.

तो शेवट काप. नाव माझं लिहाचं असंल तर लिही, पण आडनाव लावून अंजना शेषमल नाही, अंजना उत्कर्षची माय असं.

तीस तारखेले मी एसटीनं येतो. मले दारापाशी बसव. नाही पाहावलं तर मी बाहीर जाईन. तू माझ्यामागं उठून येऊ नको. शेवटपर्यंत तिथंच बसून पाह्य.

तुझी आत्या,
अंजना