हजेरी चालू असताना

मंगळवार, दिवेलागण

ताडकळसच्या शिवारात वीज पडली. गंगूमावशीचे दोन्ही बैल गेले. मावशी वाचली, पण तिला ऐकू येईना झालंय.

ढग मला आधीच दिसला होता. वादळाची खबर द्यायलाच तर आम्हा गावकऱ्यांना वॉकीटॉकी दिलेत. मी त्यावर बोलायला गेले, तर सगळ्यांची हजेरी घेत असलेले आमचे गटप्रमुख रावसाहेब म्हणाले, "ताई, मधी बोलू नका. आधी हजेरी होऊ द्या."

हजेरी म्हणे. वॉकीटॉकीच्या प्रशिक्षणाला रावसाहेब हार घालून घेऊन, चहा पिऊन निघून गेले होते. खबर आली की हजेरी थांबवायची, एवढंही ठाऊक न्हाई.

पण मी का गप्प बसले? मावशीचा फोन नंबर होता माझ्याकडं. परवानगीची वाट बघत बसले. माझं नाव आलं, तेव्हा 'हजर' तेवढं म्हणाले.