गो. ना. यांचं गाणं

बाबा,

मारेगावची कापसाची जिनिंग बंद पडून तुमचं काम गेलं त्या हंगामात तुम्ही चुलीजवळ बसून माझ्या जुन्या वहीत गाणी करायचा. शेजारच्या काकूंच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, आणि चौथ्या दिवशी काकू कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला निघाल्या. ते पाहून तुम्ही गाणं केलंत. तुम्ही ते म्हणून दाखवताय आणि आईचा भाकरीवरचा हात थांबलाय, हे मला अजून दिसतं. यवतमाळचा एक कॅसेटवाला नवी गाणी मागवतो असं कळलं. मी दहावीत होते, अक्षर चांगलं. मी गाणं उतरवून काढलं, खाली तुमचं नाव लिहिलं, नुसतं गो. ना., आणि टपालात टाकलं.

कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर पूर्ण नाव होतं, पण दुसऱ्याच गो. नां.चं. ते जिल्हाभर कार्यक्रम करणारे गायक. कॅसेटवाल्याला वाटलं, गाणं त्यांचंच. त्यांनी ते गायलं आणि आपलं नाव तसंच राहू दिलं. तुम्ही माझ्याकडून कॅसेटवाल्याला पत्र लिहून घेतलंत. उत्तर आलं, कागदावर नुसती दोन अक्षरं आहेत, ती तुमचीच कशावरून?

"आडनाव काहून नाही लिवलं, माय?"

"जागा नव्हती."

"मंग मोठा कागद घ्याचा होता." एवढंच म्हणालात. रागावला असतात तर बरं झालं असतं.

जागा होती, बाबा. आडनाव कळलं की वर्गातल्या मुली डबा उचलून दुसऱ्या बाकावर जातात, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पुढे गावात आणखी एकजण तसाच औषध पिऊन गेला. तिथं भजनाला बसल्यावर कुणीतरी म्हणालं, "ते गो. नां.चं म्हना, कॅसेटमधलं." तुम्ही पेटी मिटलीत. "लोकायचं गानं कायले म्हनू?" त्यानंतर घरात तुमचा नुसता खोकला ऐकू यायचा. दोन वर्षांनी तोही थांबला.

मागच्या महिन्यात त्या गायकांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. मी मागच्या रांगेत बसले. एका मुलीनं तुमचं गाणं म्हटलं, फार सुंदर म्हटलं. शेजारची बाई माझ्याकडे वळली. "रडून काहून राह्यल्या, ताई? गानं लिवनारे तुमचे कोनी होते का?"

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते. मी तिला ‘नाही’ म्हणाले.