आरशातली फांदी

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण आळस, दुसरं काही नाही. दुकान ठीक चाललंय. सकाळी चार डोकी, संध्याकाळी पाच-सहा, मधल्या वेळात मी आणि रेडिओ.

आता मुद्द्याचं. भावजी गेल्यावर तू एवढी वर्षं सांभाळलेलं ते बारीक पानांचं बॉक्सवुडचं बोन्साय, लेकीच्या घरात ऊन येत नाही म्हणून तिच्याकडे राहायला जाताना माझ्या गळ्यात घातलंस, ते सध्या रुसलंय. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जातं, मातीत मुरतच नाही. कुंडीच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावतायत आणि डोक्यावर नुसतं रान माजलंय. माझ्या हातून ते मेलं तर तुला तोंड कसं दाखवू? काय करायचं ते सविस्तर कळव. मला माणसांची डोकी कळतात, झाडांची नाही.

भाचीला आणि जावयांना नमस्कार. लोभ आहे तो तसाच ठेव.
तुझा ठोंब्या

१ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उ. आ.

झाड रुसलेलं नाही, त्याला कुंडी पुरत नाही. नवी पालवी फुटायच्या आत हे काम उरकून घे. अलगद बाहेर काढ. मुळांचा गुंता असेल, तो तुझ्या कंगव्याने बाहेरच्या बाजूला विंचर आणि तिसरा हिस्सा बिनधास्त काप. भोकांवर जाळी टाक, नवी माती भर, ती काडीने मुळांमध्ये खोच. झाड तारेने कुंडीला घट्ट बांध. हललं तर कोवळी मुळं तुटतात. मग महिनाभर सावली, आणि खत अजिबात नको.

कापताना वरवर गोल करू नकोस, आतली गर्दी काढ म्हणजे उजेड आत जाईल. आणि नीट वाच. तळाला एकाच उंचीवर दोन फांद्या आहेत, हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या. त्यातली एक जायला हवी, पण मला कधी धीर झाला नाही. आता तूच कर. समोरून बघितल्यावर उजवीकडची काढ, डावीकडची ठेव. डावीकडची ह्यांनी शेवटच्या आजारपणात तार गुंडाळून वळवलेली आहे. हात थरथरत होते तरी मला तारेला हात लावू दिला नाही.

इथे सगळे मायेने वागतात. सकाळी आठला सगळे बाहेर पडतात, मग घर माझं. इमारतीच्या दाराशी बॉक्सवुडचं कुंपण आहे, ते माळी यंत्राने सपाट कापतो. काल खाली जाऊन मी त्याला दोन गोष्टी सुनावल्या. त्याने हसून मान हलवली आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

जिवाला जप. आठवण काढत जा.
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फत्ते झाली! रविवारी दुकान बंद ठेवून दिवसभर बसलो. मुळं विंचरताना हसू येत होतं, असा गुंता शाळकरी पोरींच्या डोक्यातही पाहिला नव्हता. तू लिहिलंस तसं सगळं केलं. जाळी, माती, काडी, तार.

छाटणी मात्र माझ्या पद्धतीने. झाड गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, तोंड आरशाकडे, भोवती पांढरं कापड, आणि मी मागे उभा. आरशात बघितल्याशिवाय माझा हात चालत नाही, तुला माहीतच आहे. आतली गर्दी काढली. मग तुझं पत्र आरशाला टेकवून पुन्हा वाचलं आणि खालची उजवीकडची फांदी काढली. डावीकडच्या फांदीला धक्का लावलेला नाही. भावजींनी पाठ थोपटली असती.

कळावे. माया पातळ करू नकोस.
तुझा ठोंब्या

२५ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आरशापाशी अडखळले. तू मागे उभा होतास, झाडाचं तोंड पलीकडे होतं. बाबा रे, एकदा पुढे येऊन समोरून बघ आणि डावीकडची फांदी आहे ना ते कळव. बहुतेक माझंच डोकं फिरलंय. रिकाम्या घरात नसत्या शंका येतात.

फोटो पाठव. मे महिन्यात येऊन बघीन म्हणत होते, पण लेक म्हणते माझा गुडघा तुझ्या घराचा जिना चढणार नाही. डॉक्टरही तिच्याच बाजूचे निघाले.

वाट बघते.
ताई

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. डावीकडची फांदी दिसतेच आहे. झाड ठीक आहे, मीही ठीक आहे. जास्त काही लिहिण्यासारखं नाही. काळजी नसावी.

तुझा
ठोंब्या

२२ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक उ. आ.

फोटो मिळाला. झाडामागच्या भिंतीवर तुझं दरपत्रक आहे, त्यातली सगळी अक्षरं उलटी आहेत. फोटो आरशातला आहे. मला फसवायला निघालास आणि दरपत्रक काढून ठेवायचं सुचलं नाही. लहानपणापासून तू असाच, दूध चोरून प्यायचास आणि ओठांवरची दुधाची मिशी तशीच ठेवून फिरायचास.

म्हणजे ह्यांची फांदी गेली. वाईट वाटलं, खूप वाटलं. घरात कोणी नव्हतं त्यामुळे मनसोक्त रडता आलं, तेवढा या घराचा फायदा. तुझ्यावर राग नाही. तुझा सगळा जन्म आरशात बघून डोकी कापण्यात गेला, हे मला लिहितानाच लक्षात यायला हवं होतं.

आता एक कर. झाडाची पाठ पुढे कर. उरलेली फांदी आपोआप डावीकडे येईल. झाडाला पुढची बाजू कोणती ते आपणच ठरवतो. ती ह्यांची नाही हे मला ठाऊक आहे. तरी फिरव.

आणखी एक. फोटोत कॅमेरा धरून तू स्वतःही उभा आहेस, तेही लपवायचं सुचलं नाही. केस कानावरून खाली आलेत, मानेवर जटा झाल्यात. मी निघण्याच्या आदल्या रविवारी कापले होते, त्यानंतर कात्री लागलेली दिसत नाही. एवढी वर्षं मी कापले म्हणून दुसऱ्या कुणी कापायचे नाहीत असं आहे का? मी आता येईन असं वाटत नाही रे. लेक पुढच्या वर्षी म्हणते, मी हो म्हणते. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जा. अभिमान गिळ आणि जाच.

अनेक आशीर्वाद.
ताई

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी चुकलो, आणि त्यावर खोटंही बोललो. तुझं शंकेचं पत्र आलं तेव्हा पुढे येऊन बघितलं आणि चूक कळली. संध्याकाळी दुकान उघडलं नाही. तू पत्र लिहायचं बंद करशील याची भीती वाटली. इथे दुसरं कुणाचं पत्र येत नाही.

झाड फिरवलं. पाणी आता छान मुरतं. काढलेल्या फांदीच्या खुंटापाशी दोन हिरवे ठिपके आलेत, पालवीचे डोळे असावेत. काय करायचं ते सांग. तोवर तिकडे कात्री नेत नाही.

तू सांगितलंस म्हणून कोपऱ्यावर गेलो होतो. पोरगा चांगला आहे, हात हलका आहे. मला ओळखून त्याने आदराने खुर्ची पुसली, कापड गुंडाळलं आणि कसे कापू म्हणून विचारलं. ताई, मला सांगता आलं नाही. तू कधी विचारलंच नव्हतंस. त्याला म्हटलं दुकानाला कुलूप लावायचं राहिलं, आणि उठून आलो.

तेव्हा कसे कापायचे ते लिहून पाठव. कानावर किती, मानेवर किती, सगळं लिही. ते पत्र त्याच्या हातात देईन. फक्त या वेळी डावं-उजवं माझ्या बाजूने लिही.

लिहीत राहा, एवढंच मागणं.
तुझा ठोंब्या