अप्पांकडे उरलेली भाषा

केलगेरी, धारवाड
२६ फेब्रुवारी २००३

प्रिय हर्षा,

मांडीवर कागद ठेवून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. काल सकाळी दूधवाल्या दुर्गव्वानं दुधात इतकं पाणी घातलं होतं, की मी खिडकीतूनच तिला कन्नडमध्ये फैलावर घेतलं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "बैब्याड, लीला." रागावू नको. खोलीत माझ्याशिवाय फक्त अप्पा होते. पातेलं हातातून सुटलं, दूध घरभर झालं आणि मी त्यातूनच त्यांच्या खाटेकडे धावले.

संक्रांतीला पक्षाघात झाल्यापासून ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तेच आपले अप्पा. तू रजा काढून आलास, उशाशी बसून लहानपणीच्या गोष्टी सांगितल्यास. मी रोज स्तोत्रं म्हटली. भिंतीकडे बघावं तसे ते आपल्याकडे बघत राहिले. काल डॉक्टर म्हणाले, मेंदूला असा मार बसला की एखाद्याची एक भाषा जाते, दुसरी उरते. अप्पांची मराठी गेली. उभा जन्म शाळेत ज्या कन्नडमधून गणित शिकवलं, ती आत शाबूत होती. जीभ तेवढी आत्ता सुटली. आणि आपण वेडे, घरच्याच भाषेत हाका मारत बसलो.

तुझं खगोलशास्त्र मला कुठलं कळायला? पण दिवाळीला अंगणात बसून तूच सांगितलं होतंस. आकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा भडका उडतो, क्षणात विझतो, आणि मग तुम्ही त्या जागेवर डोळे लावून बसता. साध्या दुर्बिणीला काही दिसत नाही, कारण मध्ये धूळ असते. म्हणून तिथं काही नाही असं म्हणायचं नसतं. इन्फ्रारेडमध्ये बघायचं, रेडिओवर बघायचं. कधी कधी ती धग कित्येक दिवसांनी उमटते. विझलेली चूल बघायला सरकार तुला पगार देतं, असं मी चिडवलंही होतं. आणि तोच तू आठवड्याभरात मला म्हणालास, अक्का, अप्पा आता आत नाहीत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पुढचं बोलवलं नसतं, म्हणून लिहितेय. मायेचं जे काही होतं ते आपण त्यांच्याशी मराठीत बोललो. त्यांच्या उशाशी कन्नडमध्ये एकच गोष्ट बोलली गेली. पुन्हा हुबळीला दवाखान्यात न्यायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "साक्रि डॉक्टर, इन्न ब्याड." पुरे, आता नको. मी शेजारी उभी राहून मान हलवली. आज पेज भरवताना अप्पांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "हर्षा साक अंदा?" हर्षा पुरे म्हणाला? मी पेजेची वाटी खाली ठेवली. ते रागावलेले नाहीत रे, तेच सोसवत नाही. मग दाराकडे बघत एवढंच म्हणाले, "बर्ली." येऊ दे. ये हर्षा, लगेच ये, आणि फाटकातूनच त्यांना कन्नडमध्ये हाक मार.

तुझीच,
लीलाक्का