दाजींची लाकडं

ती. गुन्वोरताईला धाकट्या तोर्गेरचा दंडवत.

तिकडे स्पेनच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत औषध घालतेस ना वेळेवर? (मी विचारल्याशिवाय घालणार नाहीस, ठाऊक आहे.) इकडे सगळं झकास. गुडघाभर बर्फ पडलंय, पण घर अगदी उबदार आहे, काळजी नसावी.

तर बातमी अशी, की आबांची बिडाची शेगडी आम्ही काढली. धुराडं साफ करणारा आला होता, त्याने तिच्या पोटात विजेरी मारली आणि म्हणाला, हिच्यात घालता त्यातलं निम्मं लाकूड आभाळ तापवतंय. असा राग आला मला! तू आणि मी जिच्यावर ओले मोजे वाळवता वाळवता जाळले, आईची कॉफीची किटली जन्मभर जिच्या डोक्यावर बसून होती, तिला हा कालचा माणूस नावं ठेवणार? (शेगडी गेली त्या दिवशी मी जेवलो नाही. शेजारच्या हालवरला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.) पण नवी आणली. काचेचं दार आहे, आतल्या ज्वाळा छान दिसतात. म्हणजे दुकानातल्या चित्रात दिसत होत्या.

आता हसायचं नाही हं ताई. मी भिंत मोजली, धुराडं मोजलं, शेगडी दारातून आत येईल का तेही मोजलं. लाकूड तेवढं मोजायचं राहिलं. आबांच्या शेगडीला तीन वितींचा ओंडका लागायचा, या बाईसाहेबांचं तोंड दीड वितीचं! तरी मी एक ओंडका घुसवलाच. निम्मा आत, निम्मा बाहेर, दार सताड उघडं, आणि घरभर असा धूर की शेजारून हालवर बादली घेऊन धावत आला. दारातच थबकला आणि म्हणतो कसा, "काय रे तोर्गेर, शेगडीला चिरूट ओढायला शिकवतोयस का?" वर ऐट बघ, "माझ्याकडे आखूड लाकडं आहेत, घेऊन जा." त्याच्याकडची! ओंडक्यांची साल वर करून रचलेली! दाजींनी साल खाली की वर यावरून ज्याच्याबरोबर नऊ वर्षं कॉफी घेतली नाही, त्याची लाकडं मी जाळू? आणि पेट्रोलपंपावरची पोत्यातली विकत आणली तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

माझी स्वतःची लाकडं गेल्या हिवाळ्यातच संपली. उरली ती कोठाराच्या भिंतीला लावलेली आइलिफदाजींची थप्पी. ते गेले त्या वसंतात त्यांनी रचलेली. अजून लोक गाडी हळू करून बघतात, एक ओंडका इकडचा तिकडे झालेला नाही. चार वर्षं मी सगळ्यांना 'अजून ओली आहेत' असं सांगत आलोय. (बर्चचं लाकूड दीड वर्षात वाळतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.) आता ती सगळी मधोमध कापायची म्हणजे थप्पी मोडायची. तुझ्या नवऱ्याची लाकडं, ताई. तुला न विचारता मी करवत लावणार नाही.

तुझा,
तोर्गेर

ता. क. घर उबदार आहे असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. हे पत्र न्हाणीघरात बसून लिहितोय. तिथली फरशी विजेवर तापते. जेवतोही इथेच.

ता. क. दुसरा. आबांची शेगडी भंगारात दिलेली नाही. कोठारात आहे, पांघरूण घालून.

ता. क. तिसरा आणि खरा. तो निम्मा बाहेर राहिलेला ओंडका दाजींच्याच थप्पीतला होता, अगदी खालच्या रांगेच्या टोकाचा. बाहेरच्या तोंडावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं, म्हणून धुरातच वाकून वाचलं. अक्षर दाजींचं. 'जाड ओंडके गुन्वोर घरी असेल तेव्हा जाळायचे.' मी तो तसाच ओढून बाहेर बर्फात खुपसला. हालवर बादली हातात धरून उभा होता. खालची सबंध रांग जाडच आहे, ताई, रात्रभर धग धरणारी. दोघांनी ओढायची करवत मी धार लावून ठेवली आहे. दुसऱ्या टोकाला हालवरला धरू देऊ का?