जासूदाची एकच वाट

कडोली,
२३ नोव्हेंबर

प्रिय आरोही,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे, सौरवची परीक्षा संपली, मागच्या तुकड्यातली रताळी काढून झाली आणि तुझ्या वाटणीची पिशवी आईनं बाजूला ठेवली आहे. फोनवर आपलं बोलणं ‘आप्पा, जेवलात काय’ आणि ‘जेवलो’ इथंच संपतं. मग तू म्हणतेस, आईला द्या. आईला जे सांगतेस ते मी कट्ट्यावर बसून ऐकतो; त्यात चोरी काही नाही, तुझी आई फोनवर बोलते ते चार घरांना ऐकू जातं. मागल्या रविवारी तू तिला सांगितलंस की तू केलेल्या खेळाचं पुढचं अपडेट निघेल त्यातून तुझं नाव काढून टाकावं, असं तू कंपनीला लिहून देणार आहेस. लोक फार वाईट बोलतात म्हणून. आई म्हणाली, ‘काढ बाई, जिवाला तरास नको.’ तिला वाटलं रेशनकार्डावरचं नाव काढायचं आहे तसलं काहीतरी असेल. मला मात्र काय ते नीट कळलं, आणि त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही.

तू म्हणशील, आप्पांना यातलं काय कळतंय. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तूच मला समजावलं होतंस, ‘मी खेळातल्या वाटा आखते.’ मी मान डोलावली होती. खरं सांगतो, मला लाज वाटली होती. एवढी शिकलेली पोरगी आणि पोरांचे खेळ करते, हे चारचौघांत कसं सांगायचं? गावच्या साहित्य संमेलनात मांडवात खुर्च्या लावताना कुणी विचारलं की मी सांगायचो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. समोरचा खूश, मी मोकळा. चार वर्षं मी असंच सांगत आलो. तेव्हा नाव लपवायची सुरुवात आपल्या घरात कुणी केली ते आधी लिहून टाकतो.

गणपतीच्या आधी तुमच्या ‘जासूद’चा दुसरा भाग आला आणि उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडणं लागली. आमच्या फौंड्रीतली निम्मी पोरं तो खेळतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवरचा युवराज सगळ्यांत तापलेला. त्याचं म्हणणं, पहिल्या भागात किल्ल्यात शिरायला सात वाटा होत्या. गटारातनं जा, कौलावरनं जा, गवताच्या गाडीत दडून जा, ज्याचं त्याचं डोकं. पहारेकऱ्यांची नजर चुकवायची आणि खलिता पोचवायचा, कसा ते आपण ठरवायचं. आणि आता? ‘एकच बोळ ठेवलाय, मामा. नाकासमोर चालायचं. घाण्याला जुंपल्यागत. ज्यानं केलंय त्यानं कधी पयला भाग खेळलाच न्हाय.’ बोरगावचा श्रेयस सीएनसी मशीनवर असतो, तो शांतपणे म्हणायचा की गोष्ट ह्याच भागात कळते, पहिल्यात नुसतीच पळापळ होती. मग युवराज त्याच्यावर घसरायचा. मोबाइल काढून, इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायचा. त्यातलं काही त्यानं स्वतःच लिहिलेलं असायचं. त्या वाचण्यात एक दिवस तुझं नाव आलं. ‘आरोही कोण ही बाई, हिला वाटा आखायला कुणी बसवलं?’ मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. मोडत राहिलो. ही माझी लेक, असं तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी सौरवला म्हणालो, तो खेळ मला लावून दे. तो हसला. मी रागानं बघितलं तेव्हा गप लावून दिला. आधी पहिला भाग लावला, कारण पोरं त्याचीच वाहवा करत होती. अगं, सात वाटा म्हणे. मला एक सापडली नाही. आठ दिवस मी तबेल्याच्या मागल्या अंगणातच फिरत होतो. एकदा तर सरळ पहारेकऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं काही विचारेल तरी. त्यानं भाला खुपसला. सौरव म्हणाला, ‘आप्पा, तुमी दुसराच खेळा, तुमाला जमंल.’ त्याला चेष्टा करायची होती, पण कामावरून आल्यावर चहा घेऊन मी दुसऱ्या भागाला बसलो आणि मला खरंच जमायला लागलं. तुझ्या आईच्या मालिकेच्या वेळेवर गदा आली म्हणून ती आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

जमायला लागलं तरी वाट डोक्यात बसेना. ती वर चढते, आडवी जाते, खाली येते, पुन्हा त्याच चौकाशी पोचल्यासारखी वाटते. तू मला ओळखतेस, कागदावरचं मला कळत नाही, हातात आलं की कळतं. एकतीस वर्षं दुसरं केलंय काय? लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना, आमच्या भाषेत पॅटर्न, मी करतो, तेव्हाच तो भाग कसा आहे ते मला उमगतं. म्हणून मी दुसऱ्या भागातल्या तुझ्या वाड्याचा नमुना करायला घेतला. सौरवनं पावलं मोजायची, मी वहीत मांडायची, वीस पावलांना एक इंच. खालचा मजला रविवारी घरी कापला. वरचा मजला पॅटर्न शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या सागवानाच्या तुकड्यांतून कापला. दोन्ही एकमेकांवर ठेवले तर जिना बसेना. थोडंथोडकं नाही, चांगला पाव इंच फरक. मी पुन्हा मोजलं. पुन्हा पाव इंच. आता खरं लिहितो, रागावू नकोस: मला वाटलं, पोरीनं चूक केली, युवराज आणि ती पोरं म्हणतात त्यात तथ्य असावं. पाच दिवस मी त्या जिन्याकडे बघत तुझ्यावर चरफडत होतो. मग सहाव्या दिवशी कामावर पट्टी उचलली आणि डोक्यात उजेड पडला. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून आमची पट्टी मुद्दाम जरा लांब आखलेली असते. वरचा मजला मी त्या पट्टीनं कापला होता आणि खालचा सौरवच्या शाळेतल्या फूटपट्टीनं. एकतीस वर्षांच्या पॅटर्न मेकरनं केलेली ही चूक मी अजून शॉपमध्ये कुणाला सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.

वरचा मजला नव्यानं कापला तेव्हा जिना अल्लद बसला. मग मी तुझ्या वाटेवरून सुतळी फिरवली आणि बघतच राहिलो. ती वाट एकाच चौकावरून तीनदा जाते, तीन वेगवेगळ्या उंचीवरून, आणि चौकात तो एकच जाडा पहारेकरी. पहिल्यांदा तळघराच्या जाळीतून त्याचे नुसते जोडे दिसतात आणि भाल्याचं टोक, तेव्हा जीव मुठीत धरावा लागतो. दुसऱ्यांदा माळ्यावरून दिसतो, तर पागोटं मांडीवर ठेवून भाकरी खातोय, टक्कल पडलेलं. तिसऱ्यांदा खिडकीतून, आणि तो कारकुनाकडून घरी पत्र लिहवून घेतोय, धाकटी चालायला लागली काय म्हणून विचारतोय. त्यानंतर त्याच्या पाठीमागून निसटायचं. माझा हात थांबला होता. त्याची भीती गेली होती, पण आपण निसटलो तर उद्या ह्याचं काय होईल ही काळजी लागली. सात वाटा असत्या तर हा माणूस मला एकदा दिसला असता किंवा दिसलाच नसता. तू वाटा बुजवल्यास त्या ह्याच्यासाठी, होय ना? हे मला कुणी सांगितलं नाही, मी लाकडात कापून काढलं. तेव्हा मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो.

लेकीचं कौतुक म्हणून सगळंच गोड म्हणणार नाही. विहिरीपाशी तू चुकलीस. तिथं कौलाला शिडी लावलेली दिसते, हात पोचतो असं वाटतं, आणि चढू मात्र देत नाहीस. शिडी दाखवायची आणि चढू द्यायचं नाही, हे बरोबर नाही. माझंही डोकं फिरलं होतं तिथं. पोरं रागावतात त्यातला अर्धा राग त्या शिडीचा आहे असं मला वाटतं. आणि एक लक्षात घे, त्यांचं पहिल्या भागावर प्रेम आहे म्हणून ती भांडतात. नको असलेल्या वस्तूसाठी आमच्या कँटीनमध्ये कुणी जेवण थंड करत नाही.

गेल्या सोमवारी मी तो नमुना मोटारसायकलच्या मागं बांधून कामावर नेला आणि कँटीनच्या टेबलावर ठेवला. आधी पोरं हसली. मग श्रेयसनं सुतळीवर बोट ठेवून वाट चालायला सुरुवात केली, तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, ‘अरे, ह्यो तोच पहारेकरी हाय की.’ मग सगळी टेबलाभोवती गोळा झाली. युवराज बराच वेळ वाकून बघत होता. तो काही लगेच मानणारा नव्हे, म्हणाला, ‘हे ठीक हाय, पर पयला भागच भारी हुता.’ नंतर माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, ‘पर मामा, तुमी ह्यात एवढं कशापायी पडलासा?’ मी म्हणालो, ही वाट माझ्या लेकीनं आखली आहे. आरोही म्हणजे माझी आरोही. एवढं बोलायला मला दोन महिने लागले बघ. युवराज उठून डबा धुवायला गेला, धुतलेला डबा पुन्हा धुतला, आणि येऊन म्हणाला, ‘आक्काला सांगा, मी लई वंगाळ लिवलंतं, ते काढून टाकतो. पर विहिरीचं मागं घेनार न्हाय. त्या कवा आल्या तर समोर बसून बोलू.’ मी त्याला म्हटलं, विहिरीच्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. परवाच्या शनिवारी, चौपन्नाव्या दिवशी, मी खलिता पोचवला. माझ्यासारख्याला शेवटापर्यंत नेणारी वाट तू आखलीस, म्हणून पोचलो. खलिता पोचला आणि काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. शेकड्यांनी नावं. ती थांबवायची कशी मला ठाऊक नव्हतं, चष्माही तुझ्या आईकडे होता. पण दिसलं. आरोही नागेंद्र पावशे. बघता बघता वर गेलं. म्हणून मी शेवटचा टप्पा पुन्हा खेळलो, मग पुन्हा, चौथ्या वेळी आईला आणि सौरवला शेजारी बसवून. एकतीस वर्षांत माझ्या नमुन्यांवरून किती पंप, किती मोटारींचे भाग ओतले गेले असतील त्याची गणती नाही. त्यांच्यावर कंपनीची अक्षरं असतात, तीही मीच उलटी कोरतो. माझं नाव कधीच कशावर आलं नाही, आणि येईल असं वाटलंही नव्हतं. ते पहिल्यांदा तिथं दिसलं, तुझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये. तेव्हा कंपनीला लिहिण्याआधी एवढं ध्यानात ठेव. तुझं नाव तुझं आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. मधलं नाव माझं आहे, आणि ते काढायला माझी परवानगी नाही.

तुझाच,
आप्पा